दोन टाक्यांमधली नळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते आमच्या फार्मसी कॉलेजातल्या लॅब अटेंडंट काकांचे. ते स्वतः दहावीपर्यंत शिकलेले. मी नरखेड तालुक्यातून नागपूरला आलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. एम. फार्म.ला मला विषय मिळाला लायपोसोम. म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या. त्यांच्यात औषध भरून ते शरीरात सोडतात. माझ्या मार्गदर्शक सरांनी मला या पिशव्या का तयार होतात हे शिकवलं, काकांनी त्या कशा करायच्या ते.

चरबी एका द्रावकात विरघळवून गोल फ्लास्कमध्ये घालायची आणि फ्लास्क फिरवत द्रावक उडवायचा, म्हणजे काचेवर आतून पातळ साय धरते. तिच्यात गरम पाणी घालून हलवलं की पिशव्या तयार होतात. माझी पहिली साय गुठळ्यांची झाली.

"काहून एवढी घाई करून राहिला गा?" काका म्हणाले. "नरखेडची बस सुटून राहिली का?"

दुसऱ्या खेपेला साय चांगली धरली. मी कपाटातल्या मोजपात्रात गरम पाणी ओतू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"पाणी गरम अन् भांडं थंडगार! पहिले भांडं शेकून घे. चरबीले थंडी वाजली का आखडते ते."

पुढे मला नागपूरजवळच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. तिथे फ्लास्कचा उपयोग नव्हता. शेकडो लिटर माल फ्लास्कमध्ये फिरवणार कसा? चरबी अल्कोहोलमध्ये विरघळवून एका टाकीत ठेवायची, दुसऱ्या टाकीत गरम पाणी घुसळत ठेवायचं आणि बारीक नळीतून पहिलं दुसऱ्यात सोडायचं. मग सगळं सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने काढायचं, म्हणजे पिशव्या एका मापाच्या होतात.

पहिल्याच मोठ्या बॅचला पडदा तुंबला. दाब इतका वाढला की यंत्र बंद करावं लागलं. पडदा बदलला, तोही तुंबला.

"अजून एक बॅच," मॅनेजरसाहेब मला म्हणाले. "तीही गेली तर हे काम दुसऱ्या कारखान्यात जाईल. तुमच्या नोकरीचंही मला काही सांगता येणार नाही."

दोन्ही टाक्यांची तापमानं कागदोपत्री अगदी बरोबर होती. डिसेंबर होता, सकाळी हॉलमध्येही गारठा असे. मी पहिल्या टाकीपासून हात लावत निघालो. टाकी गरम. झडप गरम. पुढे हातभर स्टीलची नळी उघडीच होती, आणि ती बर्फासारखी लागली. तिथे तापमापक नव्हता, म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. नळी उघडली तर आत गोठलेल्या चरबीचा पांढरा थर; त्याच्याच गुठळ्या पडद्यात अडकत होत्या. काकांचं थंडगार भांडं आठवलं आणि नळीही शेकायला हवी, असं मी म्हणालो.

"नळी शेकायची?" ऑपरेटर हसला. "साहेब, हिले स्वेटर घालता का?"

"हो, घालू."

आम्ही नळीला गरम पाण्याचं आवरण बसवलं. दुसरी बॅच पडद्यातून शेवटपर्यंत गेली आणि पिशव्यांचं माप हवं तेवढंच आलं. त्या दिवशी मी हॉलमध्ये ताठ मानेने उभा होतो. आठवड्याने मला कायम केल्याचा कागद हातात पडला. काका तोवर निवृत्त होऊन नागपुरातच सक्करदऱ्याला राहत होते. मी त्यांना लिहिलं:

"काका, साष्टांग नमस्कार.

माझी बॅच पास झाली आणि नोकरी पक्की झाली. नळी थंड असल्याचं कसं सुचलं, कोणत्या प्राध्यापकांकडे शिकलात, असं मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. ते कोणत्या विभागाचे, असं त्यांनी विचारलं. लॅब अटेंडंट होते, म्हणालो. साहेब म्हणाले, त्यांना एकदा इथे घेऊन या.

तुमच्यासाठी कारखान्यात येण्याचा शनिवारचा पास काढला आहे. मी दहा वाजता घ्यायला येतो. आत चप्पल चालत नाही, बूट घालून तयार राहा. ती नळी मला तुम्हाला दाखवायची आहे."