आईच्या इरवडीतलं वाळूक

पाटोद्याकडच्या आमच्या रानात कपाशीच्या मधे मधे एकेक ओळ आईची असते. पेरणीला पुरुषमाणसं कपाशी लावत पुढे जातात आणि आई मागून ओटीतलं बी टाकत येते: मूग, चवळी, अंबाडी, वाळूक. या ओळीला इरवड म्हणतात. कपाशी विकायची, इरवड खायची. आमच्या घरचे पुरुष तिला कधी पिकात धरत नाहीत, जेवतात मात्र रोज.

वाळूक म्हणजे काकडीचीच बहीण, पण पिकलं की घरभर वास सुटतो. त्याचं बी आई शेणात कालवून भिंतीला थापायची. निम्मं पेरायचं, निम्मं भिंतीवरच ठेवायचं. गेल्या वर्षी पेरणीनंतर पावसानं दडी मारली, दुबार पेरावं लागलं आणि भिंतीवरचंही सगळं बी रानात गेलं.

ते उगवून आलं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी तिला बीडला माझ्याकडे आणलं. भावानं त्या साली तणनाशकानं न मरणारी कपाशी लावली होती. परत आल्यावर आईला खुरपायला वाकावं लागू नये, म्हणून त्यानं तिच्या माघारी सगळं रान फवारलं. हे मी मुद्दाम त्याच्या बाजूनं सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलले.

आईला पोहोचवायला गेले, तर रान एकदम स्वच्छ. कपाशी हिरवीगार आणि तिच्या मधून सरळ पिवळ्या ओळी. आईनं काळा चष्मा काढून पाहिलं.

"आरं, ही इरवड हाय."

"माज्या ध्यानातच न्हाई आलं, आई," भाऊ म्हणाला. "भाजी काय, बाजारात मिळतीच की."

"आन वाळूक?"

मी म्हणाले, रोज ताटात येतं ते रानात दिसत नाही का तुला? आई खाली बसून एकेक पिवळं रोप चाचपत राहिली. मला तेच जास्त लागलं.

आईनं आजवर बी मागायला आलेल्या बाईला नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाकडे तरी मिळेल अशी तिला खात्री होती. पाली गावात दिलेल्या आपल्या बहिणीला तिनं फोन केला, जावांना विचारलं, शेजारणींना विचारलं. सगळ्यांचं एकच, "आमीबी फवारलंय." शेवटी भाऊ तालुक्याहून काकडीच्या बियांचं पाकीट घेऊन आला. बी औषध लावून गुलाबी केलेलं.

"ह्येचं बी धरता येतंय का?" आईनं विचारलं.

"दुकानदार म्हणला, कावून धरता? फुडच्या साली नवं न्या."

आईनं पाकीट फळीवर ठेवलं आणि साबणानं हात धुतले. वाळकाचं बी तिला तिच्या आईनं लग्नात दिलेलं होतं. तिच्या हातून ते संपलं, याचं दुःख तिच्या तोंडावर दिसत होतं.

श्रावणात म्हशीचं शेण टाकायला गेलेल्या भावाला उकिरड्यावर एक वेल दिसला. आदल्या साली खाऊन फेकलेल्या वाळकाचा. उकिरडा कोण फवारतो? त्यानं आईला हाताला धरून नेलं.

"बारा वर्सांनी उकिरड्याचेबी पांग फिटत्यात," आई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

भावानं वेलाभोवती बोरीच्या काट्या लावल्या, म्हैस लांब बांधली. दोन वाळकं धरली. पिकल्यावर आम्ही गर खाल्ला, तेव्हा तो एकेक बी ताटाच्या कडेला काढून ठेवत होता.

यंदा पेरणीला आईचे डोळे ठणठणीत होते. तरी तिनं ओटी बांधली नाही. त्या दोन वाळकांचं भिंतीला थापलेलं बी सोडवून भावाच्या हातावर ठेवलं.

"कपाशी मी लावते. इरवड तू पेर."

आई पुढे निघाली. भाऊ मागून एकेक बी टाकत होता, आणि दर चार पावलांवर थांबून, वळून, आपली ओळ बघत होता.