मामांची पाच कलमं

जगातल्या सगळ्या देशांनी वर्षभर आमच्या मोठ्या मामांच्या शेजारी बिऱ्हाड केलं असतं, तर सैन्यं बाळगायची गरजच उरली नसती, असं माझं प्रामाणिक मत आहे. कॉलेजसाठी दोन वर्षं मी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात त्यांच्याकडे राहिलो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. बराकीत त्यांच्या आणि पलीकडच्या सिंधी पापडवाल्या शेटच्या घरात एकच भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली. पौर्णिमेला विहारात जाऊन मामा पंचशील घेत. पण त्यांचा खरा जीव जडला होता तो दुसऱ्या पंचशीलावर, भारत आणि चीनने केलेल्या करारातल्या. एकमेकांच्या हद्दीचा मान राखायचा, आक्रमण करायचं नाही, दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही, बरोबरीने वागून दोघांचंही भलं पाहायचं आणि शांततेने नांदायचं, ही पाच कलमं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून मोरीच्या दाराशी लावली होती. "पुढे त्या कराराचं काय झालं, ठाऊक आहे ना?" असं कुणी डिवचलं, की मामा म्हणत, "अपघात होतात म्हणून माणसं डावीकडून चालायची सोडतात का?" त्यावर मामी आतून पुटपुटायची, "विहारातली पाच नीट पाळलीत तरी पुष्कळ झालं."

मामा मात्र दोन्ही पाळत. शेटच्या पापडांची खाट वाऱ्याने चार बोटं आमच्या ओट्यावर सरकली, तर पापडाला हात न लावता ते खाट तेवढीच मागे ढकलत. सकाळी मामा शेटना "जय झूलेलाल" म्हणत आणि शेट मामांना "जय भीम". मामीने बोंबलाच्या कालवणाची वाटी दिली, की ती साईभाजी घेऊनच परत यायची. मांजरीने दोन पिल्लं इकडे आणि एक तिकडे घातलं, तेव्हा मामांनी तिला दुहेरी नागरिकत्व बहाल केलं.

एका एप्रिलात भिंतीवरून रडणं ऐकू येऊ लागलं. शेटनी त्यांच्या लेकीला, कांचनला नववीनंतर शाळेतून काढून पापड लाटायला बसवायचं ठरवलं होतं. मामांनी तीन दिवस तिसरं कलम पाळलं. त्या तीन दिवसांत ते धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेटचं दार ठोठावलं.

"शेट, आज मी तुमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला आलोय. पोरीला शिकू द्या. आमच्यात शाळेसाठी माणसांनी काय काय सोसलंय, ते मला ठाऊक आहे."

"भाऊ, ये मेरे घर का मामला है," शेट म्हणाले. "निकलो."

मामा निघून आले. वाट्या थांबल्या. जूनमध्ये मात्र कांचन गणवेश घालून बाहेर पडली. मामांनी ओट्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. शेट बोलेनासे झाले होते. मामी म्हणायची, "अहो, तुम्हीच जाऊन बोला की एकदा." मामा मान हलवत. "रागावणं हा त्यांचा सार्वभौम हक्क आहे."

अशी चार वर्षं गेली. मामा निवृत्त झाले आणि त्यांनी बदलापूरला, बेलवलीत फ्लॅट घेतला. सामान हलवायला मी गेलो होतो. टेम्पो भरून झाल्यावर शेट बाहेर आले.

"जा रहे हो? बताया भी नहीं?"

"तुम्ही बोलत नव्हता, शेट."

"मैं गुस्सा था," शेट म्हणाले. "दरवाज़ा तो खुला था, भाऊ. चार साल में एक बार अंदर नहीं आए?"

दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहिले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत. कांचन तेव्हा कॉलेजात गेली होती. तिची भेट झाली नाही.

अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं. बेलवलीत सामान वर चढलं. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं, आत कोण राहतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मामी पेटी उघडून स्टोव्ह शोधत होती. मामा जिन्याच्या चौकात आले, त्या अनोळखी दाराकडे बघत क्षणभर थांबले आणि काहीही काम नसताना त्यांनी बेल वाजवली. आतून कुणी येईपर्यंत ते शर्टाचं वरचं बटण चाचपत उभे होते.