भासऱ्यांनी बसवलेला पाईप

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि मी एकाच अंगणात राहतो. पण लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. भांडण होतं म्हणून नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी थेट बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही, ही आमच्या औशाकडच्या घरांतली जुनी रीत. काही सांगायचं झालं तर सासूमार्फत, सासू नसली तर भिंतीकडं तोंड करून. ही रीत त्यांच्या फार सोयीची होती. त्यांनी टोमणा मारायचा आणि मी तो गिळायचा.

टोमणे सगळे ट्रॅक्टरवरून. वाटणीत नवं ट्रॅक्टर त्यांच्याकडं गेलं, जुनं आमच्याकडं आलं. नवरा ट्रकवर, सदा बाहेर, म्हणून मीच चालवायला शिकले. नांगरट, पेरणी सगळं ते निमूटपणे करायचं. पण सोयाबीनच्या मळणीला यंत्र जोडून रेस वाढवली की तापायचं. काटा लाल घरात जायचा, रेडिएटरच्या टोपणातून वाफ निघायची, आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभे असलेले भासरे सासूबाईंना म्हणायचे, "माय, तिला म्हण इंजनावर चहा ठेव. खामखा वाफ वाया चालली."

बाया हसायच्या. मीही पदराआड हसल्यासारखं करायची आणि मनातल्या मनात भासऱ्यांना त्याच टोपणावर बसवायची.

मग एका दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी सासऱ्यांपुढं विषय काढला. "तिच्यानं रान होत न्हाई, मामला असाच चालला तर गवत उगवंल. मला बटईनं द्या, अर्धा वाटा देतो." सासरे मवाळ माणूस, दोन्हीकडचं मन राखणारे. त्यांनी ठरवलं की यंदाची मळणी मी कुणाच्या दारात न जाता काढली तर रान माझ्याकडं, नाही तर थोरल्याकडं. भासऱ्यांनी लगेच मान डोलावली. काटा कुठं जातो ते त्यांना चांगलं माहीत होतं. स्वतःची बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग, ताडपत्रीखाली झाकून, नवं ट्रॅक्टर आणि आपलं मळणीयंत्र घेऊन ते शिरूर अनंतपाळकडं लोकांच्या मळण्या करायला निघून गेले. माझं इंजन फुकून बसलं की सावकाश यायचं आणि दोन्ही ढीग मळायचे, असा त्यांचा बेत होता.

मी त्या ट्रॅक्टरपुढं डूख धरूनच बसले. औशाच्या मिस्त्रीनं आदल्या वर्षी थर्मोस्टॅट काढून फेकला होता, "आता तापायचं नाव घेणार न्हाई," म्हणाला होता. तरी तापलंच होतं. म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी काठोकाठ होतं. फॅनबेल्ट बोटानं दाबून पाहिला, ताठ होता. रेडिएटरच्या जाळीत मागच्या हंगामाचं भुसकट गच्च बसलं होतं. फवारणीच्या पंपानं आतल्या बाजूनं पाणी मारलं, तसा काळा चिखल बाहेर आला. आनंदानं आमचं जुनं मळणीयंत्र जोडलं, रेस दिली. थोड्या वेळानं काटा पुन्हा लालकडं सरकायला लागला. मी इंजन बंद केलं आणि मोठ्यानं शिवी दिली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "कुणाला गं?" मी म्हटलं, "इंजनाला." खरं तर ती इंजनाला नव्हती.

हळू फिरताना तापत नाही, फक्त जोरात चालताना तापतं, हे माझ्या डोक्यात घोळत राहिलं. मिस्त्रीनंही दरवेळी इंजन हळू चालवूनच तपासलं होतं. इंजन निवल्यावर मी सासऱ्यांना वर बसवलं, म्हटलं, "मामा, मी हात केला की रेस वाढवा." आणि स्वतः वाकून बघत बसले. हात केला. रेडिएटरच्या खालून इंजनाकडं जाणारा रबरी पाईप माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला आणि चपातीसारखा चपटा झाला. रेस कमी केली की पुन्हा फुगला. जोरात चालताना पाण्याची वाटच बंद होत होती.

पाईप काढला. खालच्या पाईपात आतून स्प्रिंग लागते, ती त्यात नव्हतीच. पाईपही ट्रॅक्टरचा नव्हता, विहिरीवरच्या मोटारीच्या पाईपाचा तुकडा होता. सासऱ्यांनी तो हातात फिरवून पाहिला. "हे थोरल्यानं बसवलं होतं. वाटणीच्या आधी. चांगला पाईप त्याच्या पान्यांच्या डब्यात असंल बघ."

मुद्दाम बसवला की कंटाळ्यानं, ते मला माहीत नाही. मी मुद्दामच धरलं. त्यामुळं हात जास्त चालतात.

औशाला जाऊन स्प्रिंगचा पाईप आणला, थर्मोस्टॅटही नवा बसवला. दुसऱ्या दिवशी माझी सगळी बनीम मळून झाली. काटा मधोमध. गावातल्या बाया पोती शिवत होत्या आणि मी गाणं म्हणत होते. मला गाता येत नाही.

त्याच संध्याकाळी शिरूरकडून निरोप आला. भासऱ्यांनी भुसकट आत जाऊ नये म्हणून रेडिएटरवर पोतं बांधलं होतं. इंजन तापलं, घाईत त्यात गार पाणी ओतलं आणि हेड फुटलं. इकडं आभाळ भरून आलं होतं आणि त्यांची बनीम रानात, नुसत्या ताडपत्रीखाली.

सकाळी ते जीपनं आले. अंगणात उभे राहिले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "माय, तिला म्हण..."

मी मध्येच म्हटलं, "आत्या, त्यांना म्हणा, भिंतीला ट्रॅक्टर चालवता येत न्हाई."

सासूबाई दोघांकडं बघत राहिल्या. सासरे खाटेवर उठून बसले. भासऱ्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला मजा येत होती.

"माझी बनीम काढून द्या," ते म्हणाले.

"आणि रान?" मी थेट त्यांनाच विचारलं.

त्यांनी वडलांकडं पाहिलं. वडलांनी आभाळाकडं पाहिलं. "रान तुमच्याकडंच," भासरे म्हणाले, "मी पुन्हा बोलणार न्हाई."

मी किल्ली घेतली. मजूर कमी होते म्हणून यंत्रात काड टाकायला त्यांनाच उभं केलं, भुसकट उडतं त्या बाजूला. वारंही तिकडंच वाहत होतं. थोड्याच वेळात त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, डोळे लाल झाले, खोकून खोकून ते वाकले. सवयीनं त्यांनी आईला शोधलं, पण ती लांब बांधावर होती. मग हात जोडल्यासारखं करून मलाच ओरडून म्हणाले, "जरा थांबवा!"

"इंजन तापलं न्हाई अजून, दादा," मी म्हटलं, आणि आणखी रेस दिली.