आईचा ब्रह्मदेशाचा व्हिसा

परवा नातीने सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर व्हिएतनामचा व्हिसा काढला. मला एकदम आमचं धुळ्याचं घर आठवलं... आणि रंगूनला जायला निघालेली आई.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं असतील. मी शाळेत होते. आईचा थोरला भाऊ तरुणपणीच दोंडाईचाहून रंगूनला गेला होता, लाकडाच्या वखारीत नोकरीला. तेव्हा माणूस बोटीत बसला की पोचला. आता ब्रह्मदेश वेगळा देश झाला होता, आणि मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं होतं.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं समजावून सांगितलं. पासपोर्ट, व्हिसा, देवी-कॉलऱ्याची लस, फोटो... आई ऐकतच राहिली.

"भाऊना घर जावाले परवाना कसाले लागस?"

दादा तिला फोटो काढायला घेऊन गेले.

आईने आयुष्यात फोटो काढलेला नव्हता. काढला, तो कपाळावर पदर ओढून. कलकत्त्याच्या ब्रह्मी वकिलातीतून कागद परत आले... चेहरा स्पष्ट दिसत नाही, दुसरा फोटो पाठवा. मधले कितीतरी दिवस फुकट गेले. मामाची तब्येत काय असेल, या काळजीने आईचं जेवण सुटलं.

दुसऱ्या फोटोच्या वेळी दादा गावाला गेले होते, म्हणून आबा आम्हाला स्टुडिओत घेऊन गेले. आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे सासरे. त्यांच्यासमोर आईचा पदर कधी डोक्यावरून ढळलेला मी पाहिला नव्हता.

फोटोग्राफर म्हणाला, "पदर खाली घ्या बाई, कान दिसले पाहिजेत." आई खुर्चीवर अंग चोरून बसली. हात वर जाईना... डोळ्यांतून पाणी.

आबा उठले. दाराकडे तोंड करून म्हणाले, "मी बाहेर उभा ऱ्हास. पदर काढ, पोरी. भाऊले भेटाले जानं शे ना तुले?" आणि खरंच बाहेर जाऊन, रस्त्याकडे बघत उभे राहिले.

त्या काळी सासऱ्याने असं म्हणणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

व्हिसा आला, महिनाभराचा. दादा आणि आई कलकत्त्याहून बोटीने गेले.

मामाने आईला ओळखलंच नाही. तो गेला तेव्हा ती परकरात होती. आई कॉटपाशी बसून म्हणाली, "भाऊ, मी शे... तुनी बहीन."

मामाने डोळे उघडले. कित्येक वर्षांत आपली बोली त्याच्या कानावर पडली नव्हती. आईचा हात घट्ट धरून तो एवढंच म्हणाला, "आखो बोल." आणखी बोल.

मग महिनाभर आई बोलतच राहिली... तापीचा पूर, शेतातला कापूस, कोणाची लग्नं झाली, कोण गेलं. मुदत संपली तेव्हा मामा काठी टेकत दारापर्यंत आला होता. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

पण आई शेवटपर्यंत म्हणायची, भाऊ पोटभर भेटला. तिला तो महिना मिळाला, याचं श्रेय मी मनातल्या मनात आबांनाच देते.