बाळूचा ठिपका

आमच्या रडारच्या चाचणीसाठी दामूकाकांनी आपली लाकडी होडी दिली होती. ती घेऊन त्यांचा धाकटा भाऊ समुद्रात गेला होता आणि काका टेकडीवरच्या आमच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते.

इतर यंत्रांच्या लहरींच्या गोंगाटात एवढ्याशा होडीचा प्रतिध्वनी नेहमी बुडून जायचा. तो गाळून घेण्यासाठी बसवलेले फिल्टर रडारच्या ताकदीपुढे जळायचे. आज गॅलियम नायट्राइड या जास्त ताकद सोसणाऱ्या पदार्थाचा नखाएवढा नवा फिल्टर मात्र टिकला. पडदा निवळत गेला आणि त्यावर एक बारीक ठिपका उरला.

“हा आमचा बाळू?” काकांनी विचारलं.

“हो, काका.”

“आमच्या वडलांची होडी जहाजवाल्यांना दिसलीच नव्हती,” ते शांतपणे म्हणाले.

जळालेला प्रत्येक फिल्टर पुन्हा नव्याने घडवणारे माझे सोबती आठवले. त्यांच्यापैकी एकानेही मध्येच सोडून दिलं असतं, तर हा ठिपका दिसला नसता. त्या सगळ्यांविषयी मन भरून आलं.

मी खुर्ची काकांजवळ ओढली. बाळू किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत बसलो.