पाण्यानं काढलं

माझ्या शुद्धलेखनाच्या आग्रहाला तुम्ही दोघं नातवंडं फोनवर हसता. हसा. पण त्या आग्रहाने एकदा काय होत आलं होतं, तेही वाचा.

रोह्याला माझ्याकडे भाकऱ्या करायला येते ती बाई पेणच्या खाडीकाठच्या गावातली. उधाणात बांध फुटला, घरांत खारं पाणी शिरलं, तेव्हापासून ती इथे जवळच अष्टमी गावात बहिणीच्या एका खोलीत राहते. त्या गावच्या लोकांना सरकार दुसरीकडे घराला जागा देणार होतं. तिचा अर्ज मी लिहिला. ती बोलत गेली आणि मी तिची वाक्यं सरळ करत गेले.

सुनावणीला तिच्यासोबत पेणला गेले. साहेब माझ्या मुलाहून लहान. मला म्हणाला, "बसा मॅडम." तिला म्हणाला नाही. आणि मी बसले.

त्याने अर्जातल्या एका ओळीखाली लाल रेघ ओढली.

"'घर सोडून बहिणीकडे राहण्यास गेले.' सोडून म्हणजे स्वेच्छेने. स्वेच्छेने गेलेल्यांना जागा नाही. नाव कमी होणार."

ती माझ्याकडे वळली. "बाई, मी असा बोल्ली?"

नव्हती बोलली. 'सोडून' माझा शब्द होता.

"साहेब, ती चूक माझी आहे," मी म्हटलं.

"खाली अंगठा त्यांचा आहे. वाचून दाखवलं होतंत ना?"

दाखवलं होतं. माझ्या भाषेत. तिने मान डोलावली होती, कारण बाईंनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.

त्याने पुढची फाइल ओढली. तेवढ्यात तिने टेबलावर हात ठेवला.

"मी घर सोरला नाय सायेब. पान्यानं काढला मना."

"पाणी काय हाताला धरून काढतं का, मावशी?"

"धरतं ना! उधानात या एकदा, तुमाना पन धरेल."

मागे रांगेत हशा पिकला. साहेब हसला नाही. त्याच्या कपाळावर आठी चढली आणि मला वाटलं, संपलं. मी उठून उभी राहिले.

"अर्ज मी बिघडवला, तसं लेखी देते. पण तिचा जबाब तिच्या तोंडचा घ्या."

त्याने पुढची फाइल बाजूला ठेवली. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. त्या सांगतील तसं. एक अक्षर बदलायचं नाही."

मी उभ्यानेच लिहिलं. 'पान्यानं काढला मना.' न, ण काही सुधारलं नाही. हात मात्र दोनदा अडखळला. तिने अंगठा दिला. साहेबाने कागद वाचला, अर्जाला टाचला आणि तिच्या नावापुढे 'पात्र' लिहिलं.

परतताना स्टँडवर एसटी लागल्यावर ती म्हणाली, "अक्षर ग्वाड हाय तुमचा, बाई. पन परत लिवताना माझा तोंड पुसू नका."