बडे बाबूंचा लाल दिवा

बडे बाबूंना किळस फार यायची. किळस आली की आधी त्यांच्या नाकाची उजवी पाकळी वर जायची, मग मिशी, आणि मग एकच शब्द निघायचा, "घाण!" खामगावातल्या एका कॉलेजात ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली तात्पुरता कारकून. खिडकीबाहेर पिचकारी मारणारा शिपाई असो की आजीला तिसऱ्यांदा मारून रजा मागणारा प्राध्यापक, दोघांनाही तोच शेरा मिळायचा.

आम्ही सगळे गाडीवर यायचो. बडे बाबू मात्र घाटपुरीकडून रोज सायकलने यायचे. पुण्यातल्या मुलीने त्यांना चार्जिंगचे दोन दिवे पाठवले होते, पुढे लावायला पांढरा आणि सीटखाली लाल. लाल दिवा ते भर दुपारीसुद्धा लुकलुकता ठेवायचे. चौकातली पोरं ओरडायची, "बडे बाबू, मंत्री झाले का?" ते मागे वळूनही पाहायचे नाहीत. एकदा मीच विचारलं, उन्हात दिवा कशाला? म्हणाले, "रस्ता मले पाठ हाये बे. पण गाडीवाल्याइले मी पाठ नाही."

पांढरा दिवा ते कायम खाली, रस्त्याकडे वाकवून लावायचे. हल्लीच्या मोठ्या गाड्यांचे डोळे दिपवणारे दिवे पाहिले की त्यांचं नाक वर जायचं. "समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारणं अन् तोंडावर थुकणं, एकच हाये." थुंकण्याबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. ऑफिसात आल्यावर ते दोन्ही दिवे काढून टेबलावर ठेवायचे. बाहेर ठेवले तर चोरीला जातात, एक जोडी तशी गेलीही होती. मग ओल्या फडक्याने ते पुसायचे. चालत्या गाड्यांच्या खिडक्यांतून थुंकलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे शिंतोडे रोज त्या लाल काचेवर असायचे. फडकं धुताना त्यांचा चेहरा पाहवत नसे.

दिव्याची बॅटरी तीन दिवस पुरायची. एकदा पावसाळ्यात त्यांच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. मी म्हटलं, इथेच लावा ना चार्जिंगला, प्लग रिकामा आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी ऑफिसातला पंखाच घरी न्यायला सांगितला होता. "कॉलेजच्या करंटवर मी घरी जाऊ?" त्या दिवशी ते सायकल हातात धरून चार किलोमीटर चालत गेले.

डिसेंबरातली गोष्ट. साडेसहा वाजले असतील, अंधार पडला होता. नांदुरा रोडवर शकीलभाईच्या हातगाडीवर मी केळी घेत होतो. समोरून बडे बाबू निघाले. मी हात केला, त्यांनी घंटी वाजवली. ते पुढे गेले तेव्हा त्यांचा लाल दिवा लुकलुकताना मी स्वच्छ पाहिला. मागून एक पांढरी गाडी आली आणि तिने त्यांना उडवलं.

गाडी आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची होती. तो उतरला, फोनवर बोलतच. "काका, सायकलले लाइट तं लावत जा ना!" त्याच्या सोबत्याने रस्त्यावर पडलेला लाल दिवा उचलला आणि खिशात घातला. दिवा अजून चालू होता. त्याच्या शर्टाच्या कापडातून तो दोनदा चमकलेला मला दिसला, मग त्याने तो बंद केला. भोवती वीसेक माणसं होती आणि निम्म्यांचे मोबाइल वर होते.

पोलीस आला. शकीलभाई पुढे झाला. "बत्ती चालू थी साहब. मैने देखी. उसने जेब में डाली." भाचा हसला. "केळेवाल्याचं काय ऐकता? आम्ही गाडी हटवाले लावली होती, त्याचा राग काढून राह्यला." पोलीस माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही सांगा, लाइट होता काय?"

मला कायम करण्याची फाइल त्या महिन्यात अध्यक्षांच्या टेबलावर जायची होती. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

पोलिसाने शकीलभाईच्या खांद्याला धक्का दिला. "चाल बे, खोटारड्या. गाडी काढ इथून." बडे बाबू रस्त्यावर आडवे होते, पाय विचित्र वळलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नाकाची उजवी पाकळी वर गेली. तोंडातून शब्द मात्र निघाला नाही.

महिनाभराने संस्थेने मलाच त्यांच्या घरी धाडलं. हेडक्लार्कच्या शेऱ्यावाचून माझी फाइल अडून राहिली होती. ते खाटेवर होते, मांडीत सळी घातलेली. फाइल उघडून त्यांनी सावकाश लिहिलं, "काम नियमित व समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही." खाली सही केली.

"बडे बाबू, दिवा चालू होता. मी पाहिला होता."

"मले काऊन सांगून राह्यला? मीच लावला होता तो. मले मालूम हाये."

"मग माझ्या फाइलवर चांगलं का लिहिलंत?"

"काम चांगलं हाये तुह्यं. कागदावर खोटं लिवू काय?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "शकीलले जाऊन सांग. माह्यासाठी बोलला अन् चार लोकांत खोटारडा ठरला तो."

पुढच्या आठवड्यात ते भावाकडे जळगाव जामोदला गेले. पुन्हा नोकरीवर आले नाहीत, सायकलवर बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. आणि मी? कायमची ऑर्डर हातात पडेपर्यंत मी शकीलभाईकडे गेलो नाही. अडीच महिने मी दुसऱ्या रस्त्याने घरी जात होतो. हे लिहितानाही मला माझी घाण वाटते.

ऑर्डर मिळाली त्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. लिहून घेणाऱ्याने जांभई देत पान उलटलं. मग शकीलभाईला शोधायला निघालो. जुन्या जागी तो नव्हता, बसस्टँडच्या मागे, मुतारीच्या भिंतीला लागून त्याला जागा मिळाली होती. तिथल्या दुर्गंधीत तीन-चार गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून केळी निवडत होती. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "शकीलभाई, त्या दिवशी दिवा चालू होता. तुम्ही खरं बोलत होतात. मी खोटं बोललो."

त्याने हातातला घड खाली ठेवला.

"जोर से बोलो, बाबू," तो म्हणाला. "उस दिन भी लोग खडे थे."

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहू लागली. मी मोठ्याने बोललो.